किल्लीची किमान लांबी आणि सॉफ्टवेअरचा नकार

२०१२ साली अमेरिकेतल्या एका गणितज्ञाला गूगलच्या नोकरभरती विभागाकडून ई-मेल आला. तो खरंच गूगलचा आहे का हे पडताळताना त्याच्या लक्षात आलं, की पत्रावरची डिजिटल सही अवघ्या ५१२ बिटांच्या किल्लीने केलेली आहे. उमेदवाराची परीक्षा घ्यायला कोणी मुद्दाम घातलेलं कोडं असावं, असं समजून त्याने ॲमेझॉनची यंत्रं भाड्याने घेतली. सुमारे ७२ तासांत आणि ७५ डॉलरांच्या आसपास खर्चात त्याने किल्ली फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. गूगलची किल्ली मात्र दोनच दिवसांत २०४८ बिटांची झाली.

या सहीला डीकेआयएम म्हणतात, आणि तिच्या मानकात २००७ पासून लिहिलेलं होतं की दीर्घकाळ वापरायच्या किल्ल्या किमान १०२४ बिटांच्या असल्याच पाहिजेत. नियम होता, मग ५१२ बिटांची किल्ली चालली कशी? कारण तो नियम सही करणाऱ्यासाठी होता. सही पारखणाऱ्याला त्याच मानकाने सांगितलं होतं, की ५१२ ते २०४८ बिटांपर्यंतच्या सह्या तुला पडताळता आल्याच पाहिजेत. लहान किल्ली नाकारण्याची सक्ती कोणावरच नव्हती. १०२४ पेक्षा लहान किल्लीची सही ग्राह्य धरायची नाही, हे वाक्य मानकात यायला जानेवारी २०१८ उजाडला.

किमान लांबीच्या सगळ्या प्रश्नाचं मर्म या एका प्रकरणात दिसतं. मानकात आकडा लिहिल्याने किल्ल्या लांब होत नाहीत. कुठल्या तरी प्रोग्रॅमने लहान किल्ली पाहून नकार द्यावा लागतो, आणि तो नकार किल्ली तयार करताना द्यायचा, सही करताना, पडताळताना की जुनं वाचताना, हे ठरवावं लागतं. गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात आकड्यांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी या जागेवर झाली नाही. माझ्या मते नुकसान बहुतेक वेळा तिथेच झालं.

आधी आकडे पाहू. कुलूप लावायला आणि उघडायला एकच किल्ली असते तिथे एक बिट वाढला की तपासायच्या शक्यता दुप्पट होतात. १९७७ मध्ये अमेरिकेने डीईएस हे सरकारी मानक केलं तेव्हा त्याची किल्ली ५६ बिटांची होती. ज्या लुसिफर नावाच्या रचनेतून ते घडलं, तिच्या एका रूपात ती १२८ बिटांची होती. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी त्याच वर्षी हिशोब मांडला, की दोन कोटी डॉलरांच्या यंत्राने ५६ बिटांची किल्ली दिवसभरात सापडेल. मानकाने तो मनावर घेतला नाही. जुलै १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात यंत्र बांधून ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. पुढच्या जानेवारीत इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांच्या साथीने तेच काम २२ तास १५ मिनिटांत झालं. मानक अधिकृतपणे मागे घेतलं गेलं ते २००५ मध्ये. इशारा मिळाल्यापासून तोवर २८ वर्षं गेली.

आरएसएची गोष्ट थोडी वेगळी. तिथे किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार, आणि ती फोडायची तर त्याचे अवयव पाडावे लागतात. सगळ्या शक्यता तपासत बसण्यापेक्षा हुशार रीती उपलब्ध आहेत, म्हणून आरएसएची किल्ली खूप लांब ठेवावी लागते. १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात १२९ अंकी, म्हणजे ४२६ बिटांची संख्या आव्हान म्हणून छापली होती. ती फुटायला विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागेल, असा तेव्हाचा अंदाज होता. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ती आठ महिन्यांत फोडली. ५१२ बिट १९९९ मध्ये पडले, ७६८ बिट २००९ मध्ये. फेब्रुवारी २०२० मध्ये ८२९ बिटांची संख्या फुटली. एकाच प्रोसेसर-कोअरवर चालवलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती, एवढं ते काम होतं. १०२४ बिटांची किल्ली अजून कोणी जाहीरपणे फोडलेली नाही.

फुटलेली नसताना तिच्यावर बंदी का, असं अनेक अनुभवी प्रशासकही विचारतात. उत्तर काळाच्या हिशोबात आहे. आज टिपून ठेवलेला मजकूर पंधरा वर्षांनी उघडता येतो आणि आज केलेली सही पंधरा वर्षांनी नकली बनवता येते. म्हणून किमान लांबी नेहमी पुढच्या काळासाठी ठरवावी लागते. १९९६ मध्ये ब्लेझ, डिफी, रिव्हेस्ट, श्नायर यांच्यासह सात तज्ज्ञांनी असा हिशोब करून सांगितलं होतं, की एक-किल्ली पद्धतीत त्या घडीला निदान ७५ बिट हवेत आणि वीस वर्षांचा विचार केला तर ९०. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने पुढे वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करता यावी म्हणून ‘सुरक्षेची ताकद’ हे समान माप रूढ केलं. १०२४ बिटांची आरएसए म्हणजे ८० बिटांची ताकद, २०४८ म्हणजे ११२, ३०७२ म्हणजे १२८. २५६ बिटांची ताकद हवी तर आरएसएला १५,३६० बिट लागतात, तर लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीला ५१२ च्या आसपास पुरतात. आजचे जवळपास सगळे नियम याच तक्त्यातून निघतात.

पण किमान मर्यादेआधी कमाल मर्यादेचा काळ होता, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. नव्वदच्या दशकात अमेरिकेबाहेर पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक-किल्ली पद्धतीला ४० बिट आणि आरएसएला ५१२ बिट ही कमाल होती. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधकाने नेटस्केपची ४० बिटांची किल्ली सुमारे १२० संगणक लावून आठ दिवसांत काढली, तरी नियम २००० पर्यंत पुरते ढिले झाले नाहीत.

भारतात याहून अवघड स्थिती होती. दूरसंचार विभागाच्या इंटरनेट सेवेच्या परवान्यात ४० बिटांपर्यंतची किल्ली विनापरवानगी वापरण्याची मुभा होती. त्यापुढे जायचं तर परवानगी घ्यायची आणि उघडण्याची किल्ली दोन भागांत सरकारजमा करायची. दुसरीकडे मुंबईतून रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामध्ये किमान १२८ बिटांचं एसएसएल हवं असं होतं. एका कागदावर ४० हे छत, दुसऱ्यावर १२८ हा तळ. बँका आणि ग्राहक यांनी काय वापरलं? ब्राउझर आणि सर्व्हर जे घेऊन आले ते. अमेरिकी निर्बंध सैल झाल्यावर ब्राउझर १२८ बिटांचे झाले आणि वाद जमिनीवर तिथेच मिटला. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात आलेल्या कलम ८४-अ ने सरकारला कूटलेखनाच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार दिला. २०१५ च्या सप्टेंबरात त्याखाली धोरणाचा मसुदा आला आणि टीकेच्या भडिमारात लगोलग मागे घेतला गेला.

कमाल मर्यादा कायद्यातून गेल्या तरी कोडमधून गेल्या नाहीत. मार्च २०१५ मध्ये ‘फ्रीक’ हा हल्ला उघड झाला. निर्यातीसाठी ठेवलेली ५१२ बिटांची आरएसए किल्ली असंख्य सर्व्हर अजून द्यायला तयार होते, आणि काही ब्राउझरांतल्या चुकीमुळे न मागताही ती स्वीकारली जात होती. दोन महिन्यांनी ‘लॉगजॅम’ आला. त्याने डिफी-हेलमन या किल्ली ठरवण्याच्या देवाणघेवाणीतला तोच जुना ५१२ बिटांचा पर्याय वापरला. लोकप्रिय दहा लाख संकेतस्थळांपैकी ८.४ टक्के त्याच्या तडाख्यात होती. संशोधकांनी त्याच निबंधात म्हटलं, की ७६८ बिट विद्यापीठातल्या गटाच्या आवाक्यात आहेत आणि १०२४ बिट एखाद्या राष्ट्राच्या. या दोन्ही हल्ल्यांत सशक्त पर्याय दोन्ही टोकांना उपलब्ध होता. हल्लेखोराने फक्त दुबळा पर्याय पुढे सरकवला आणि कोणीच ‘नाही’ म्हणालं नाही. सॉफ्टवेअर जी सर्वांत लहान किल्ली स्वीकारतं तीच त्याची खरी ताकद असते; उत्तम पर्याय किती चांगला आहे याने हल्लेखोराला काही फरक पडत नाही.

लॉगजॅमनंतर लायब्ररींमध्येही नकाराची भाषा सुरू झाली. ओपनएसएसएल या सर्वाधिक पसरलेल्या लायब्ररीने जून २०१५ मध्ये ७६८ बिटांखालची डिफी-हेलमन किल्ली नाकारायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१६ मध्ये तो उंबरठा १०२४ वर नेला. दोन पायऱ्या का? एकदम १०२४ वर उडी मारली असती तर असंख्य सर्व्हर एका रात्रीत तुटले असते, आणि तुटलेल्या सर्व्हरांच्या मालकांनी लायब्ररी मागे वळवली असती. काहींना हा बोटचेपेपणा वाटला. मला ती शहाणी पद्धत वाटते, पण एका अटीवर: दुसऱ्या पायरीची तारीख पहिल्याच दिवशी सांगितलेली हवी.

तारखा जाहीर करून उंबरठा उंचावण्याचा चांगला नमुना २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घालून दिला होता. त्या वर्षी ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रोग्रॅमने सर्टिफिकेटांचा गैरवापर केल्याचं उघड झालं. त्याआधीच्या नोव्हेंबरात मलेशियातल्या एका दुय्यम सर्टिफिकेट संस्थेने ५१२ बिटांची २२ सर्टिफिकेटं दिल्याचं बाहेर येऊन ब्राउझरांनी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला होता. विंडोजमध्ये १०२४ बिटांखालच्या आरएसए किल्ल्यांची सर्टिफिकेटं नाकारणारी सुधारणा ऑगस्टमध्ये हाताने उतरवून घेण्यासाठी ठेवली गेली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वांना आपोआप गेली. मधल्या काळात प्रशासक आपल्या जाळ्यातली दुबळी सर्टिफिकेटं नोंदवून पाहू शकत होते. किमान आकडा रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने बदलता येत होता. आणि १ जानेवारी २०१० पूर्वीची वेळ-मुद्रा असलेल्या प्रोग्रॅमवरच्या जुन्या सह्यांना सूट होती. म्हणजे आधी दिसू द्यायचं, मग नाकारायचं, आणि जुन्याला तारखेच्या कुंपणात ठेवायचं. पुढे आलेल्या बऱ्याच अंमलबजावण्यांना यापेक्षा बरं काही सुचलेलं नाही.

नियम लिहिणाऱ्यांची यादी थोडक्यात उरकतो. निस्टने २०११ च्या जानेवारीत जाहीर केलं, की ८० बिटांच्या ताकदीचं युग संपवायचं आणि १०२४ बिटांच्या नव्या सह्या २०१३ नंतर करायच्या नाहीत. ब्राउझर आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या सामाईक मंचाने तोच मुहूर्त धरून २०४८ हा तळ ठरवला. जर्मनीची बीएसआय ही संस्था आता ३००० बिट मागते, म्हणजे एकच उत्पादन अमेरिकेत नियमात बसतं आणि जर्मनीत बसत नाही. भारतात सर्टिफाइंग ऑथॉरिटींच्या नियंत्रकाने १ जानेवारी २०१२ पासून २०४८ बिटांची किल्ली आणि शा-२ ही ठसा काढण्याची पद्धत सक्तीची केली. सनदी लेखापाल, कंत्राटदार आणि कंपन्यांचे संचालक विवरणपत्रं आणि निविदांसाठी जे यूएसबी टोकन वापरतात, त्यातली किल्ली तेव्हापासून या तळाच्या वर आहे. इथे अंमलबजावणी सोपी गेली, कारण सर्टिफिकेट देणारे मोजके आणि परवानाधारक होते. दरवाजा एकच असला की राखणही सोपी असते.

सर्व्हरांच्या जगात दरवाजे हजारो. ओपनएसएसएलने २०१६ च्या १.१.० आवृत्तीत यावर उपाय म्हणून सुरक्षा-पातळ्या आणल्या. शून्य पातळीला काहीच अडवायचं नाही. पहिलीला ८० बिटांची ताकद, दुसरीला ११२, तिसरीला १२८, असं पाचवीपर्यंत २५६. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आरएसए, वक्र, डिफी-हेलमन यांचे आकडे वेगवेगळे लक्षात ठेवायचे नाहीत. पातळी सांगायची, बाकी लायब्ररी पाहते. कल्पना उत्तम. पण मूळ प्रकल्पाने आपोआप लागू होणारी पातळी पहिलीच ठेवली आणि ती दोनवर न्यायला नोव्हेंबर २०२३ ची ३.२ आवृत्ती यावी लागली. डेबियनने २०१९ च्या आपल्या दहाव्या आवृत्तीत स्वतःहून दुसरी पातळी लावली, तेव्हा ‘डीएच की टू स्मॉल’ आणि ‘ईई की टू स्मॉल’ हे दोन संदेश जगभरच्या प्रशासकांच्या पडद्यावर झळकू लागले. जुने प्रिंटर, जुनी व्हीपीएन, एखाद्या सरकारी खात्याचा कधीच न बदललेला सर्व्हर, सगळे एकदम उजेडात आले.

आणि इथेच खरा घोळ सुरू झाला. अशा संदेशावर सर्वत्र मिळणारा सल्ला एकच: व्यवस्थेच्या फाइलमध्ये पातळी एक किंवा शून्य करा. एका प्रिंटरपायी अख्ख्या यंत्राचा तळ खाली. जी सवलत एका जोडणीपुरती द्यायला हवी ती सर्व जोडण्यांना मिळते आणि कायमची राहते, कारण ती ओळ पुन्हा काढायला कोणी परत येत नाही. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून सबंध यंत्रासाठी एकच धोरण निवडायची सोय केली: नेहमीचं धोरण २०४८ मागतं, ‘फ्यूचर’ ३०७२ मागतं आणि ‘लेगसी’ १०२४ ला चालवून घेतं. निदान काय निवडलं आहे हे तपासनिसाला एका आज्ञेत दिसतं. ओपनएसएसएच या दूरस्थ जोडणीच्या प्रोग्रॅमने २०२२ च्या ९.१ आवृत्तीत आरएसएची किमान लांबी ठरवणारी सेटिंग दिली आणि ती प्रत्येक यजमानापुरती वेगळी ठेवता येते. सवलत द्यायची तर अशी, नाव घेऊन. गो भाषेने फेब्रुवारी २०२५ मध्ये १.२४ आवृत्तीत १०२४ बिटांखालची आरएसए किल्ली वापरल्यास थेट चूक परत करायला सुरुवात केली आणि जुन्यासाठी एक ठरावीक कळ मागे ठेवली. चाचण्यांमध्ये वेळ वाचावा म्हणून ५१२ बिटांच्या किल्ल्या बनवणाऱ्यांची त्याने अडचण झाली. पण चाचणीसाठी बनवलेली किल्ली उत्पादनात कशी पोहोचते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा निर्णय पटेल.

उलट दिशेचा अडथळाही विसरता येत नाही. जावाची सातवी आवृत्ती १०२४ बिटांपेक्षा मोठी डिफी-हेलमन किल्ली हाताळूच शकत नव्हती. ज्यांनी सर्व्हर इमानाने २०४८ वर नेले त्यांचे जावावाले ग्राहक तुटले. तळ उंचावायचा तर समोरच्याचं छत किती उंच आहे हे आधी पाहावं लागतं. खिशातल्या चिप असलेल्या बँक कार्डांतही असंच छत आहे: ईएमव्ही मानकात कार्डाशी होणाऱ्या संवादाच्या मर्यादेमुळे आरएसए किल्ली १९८४ बिटांच्या पुढे जाऊ शकत नाही. जगभरची कार्डं म्हणूनच २०४८ च्या खाली राहिली. त्या व्यवस्थेने दर वर्षी किल्ल्यांच्या लांबीचा आढावा घेऊन मुदती ठरवण्याची शिस्त पाळली. माझ्या मते हा अपवाद समर्थनीय आहे, कारण तो मोजलेला आहे.

आता बारीक बिटांकडे येऊ. १०२४ बिटांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार कधी २०४८ बिटांचा येतो, कधी २०४७. दोन्ही संख्या पुरेशा मोठ्या घेतल्या नाहीत तर वरचा बिट शून्य राहतो. गणिताच्या दृष्टीने ताकद तीच. पण ‘२०४८ पेक्षा कमी असेल तर नाकार’ असं लिहिलेला कोड २०४७ ला परत पाठवतो. म्हणूनच फायरफॉक्सने लॉगजॅमनंतर आपला उंबरठा १०२३ वर ठेवला. अमेरिकी सह्यांच्या मानकाने उलट टोकाकडून उपाय केला: प्रत्येक मूळ संख्या एका ठरावीक सीमेपेक्षा, म्हणजे वरच्या मर्यादेला दोनाच्या वर्गमुळाने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठी घ्यायची, म्हणजे गुणाकार आपोआप पूर्ण लांबीचा येतो. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. पारखणाऱ्याने मवाळ होण्यापेक्षा बनवणाऱ्याने काटेकोर होणं स्वस्त पडतं.

एका बिटाची सर्वांत महागडी चूक किल्लीत नव्हती, सर्टिफिकेटाच्या अनुक्रमांकात होती. ब्राउझर आणि सर्टिफिकेट संस्थांच्या मंचाच्या नियमानुसार त्यात निदान ६४ बिट यदृच्छ हवेत. ईजेबीसीए हे लोकप्रिय सॉफ्टवेअर ६४ बिट घेत असे, पण संख्या धन असावी म्हणून वरचा बिट शून्यावर बांधलेला होता. उरले ६३. २०१९ च्या मार्चमध्ये हे ध्यानात आल्यावर ॲपल, गूगल, गोडॅडी यांच्यासह अनेकांना दहा लाखांहून अधिक सर्टिफिकेटं बदलावी लागली. प्रत्यक्ष धोका नगण्य होता, आणि ही कर्मठपणाची हद्द झाली असं म्हणणारे पुष्कळ होते. मी त्यांच्या बाजूचा नाही. ६३ चालवून घेतले की ६२ वर वाद घालायला आधार उरत नाही, आणि किमान मर्यादेचा सगळा उपयोग ती वादातीत असण्यात आहे.

मात्र याच न्यायाने सगळीकडे काठी चालवता येत नाही, हे अमेरिकेच्या एफआयपीएस १४० प्रमाणीकरणात काम करणाऱ्यांना नीट ठाऊक आहे. सरकारी कामासाठी लायब्ररी प्रमाणित करायची तर तिने मान्य नसलेली लांबी मान्य असल्यासारखी पुरवता कामा नये. एचमॅक, म्हणजे किल्ली घालून काढलेला संदेशाचा ठसा, घ्या. ११२ बिटांपेक्षा, म्हणजे १४ बाइटांपेक्षा लहान किल्ली मान्य नाही. हा नियम लायब्ररीत सरळ बसवला की काय होतं? एचमॅकच्या प्रसिद्ध चाचणी-उदाहरणांपैकी एकातली किल्ली ‘जेफे’ असे वाचता येणाऱ्या चार रोमन अक्षरांची आहे, म्हणजे ३२ बिटांची. ती चाचणीच नापास होते. त्याहून गंभीर म्हणजे, एचकेडीएफ या किल्ली घडवण्याच्या रीतीत एचमॅकच्या किल्लीच्या जागी ‘मीठ’ घालतात. ते गुप्त नसतं आणि लहान असू शकतं. तिथे लांबीचा नियम लावण्यात अर्थ नाही, पण खालच्या थरातल्या फंक्शनला आपल्याला कोणी आणि कशासाठी बोलावलं हे कळत नाही.

मोबाइलवर दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे दाखवणारी ॲप्सही एचमॅकवर चालतात. त्यांच्या २००५ च्या मूळ मानकात गुपित किमान १२८ बिटांचं हवं, १६० असलं तर उत्तम, असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी अनेक संकेतस्थळं १६ अक्षरांचं गुपित देत आली. त्या लेखनपद्धतीत एका अक्षरात पाच बिट, म्हणजे ८०. कडक लायब्ररी लावली की या संकेतस्थळांची लॉगिनची दुसरी पायरी अडकते, आणि दोष लायब्ररीवर येतो. पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या पीबीकेडीएफ-२ ची गतही तीच: निस्टच्या शिफारशीत मीठ किमान १२८ बिट, फेऱ्या किमान १०००, निघणारी किल्ली किमान ११२ बिट. ओपनएसएसएलचा प्रमाणित भाग हे तिन्ही तपासतो, आणि आठ बाइटांचं मीठ घालून ठेवलेल्या जुन्या फाइली उघडेनाशा होतात.

एफआयपीएस १४०-३ या नव्या आवृत्तीने इथे एक मधला रस्ता काढला: निदर्शक. लायब्ररीने काम करून द्यायचं, पण त्यासोबत सांगायचं की ही सेवा मान्य प्रकारात होती की नव्हती. ओपनएसएसएलच्या ३.४ आवृत्तीपासून प्रमाणित भागात हे दोन्ही ठेवता येतं: कडक ठेवलं तर नकार, सैल ठेवलं तर काम आणि सोबत निदर्शक. एचमॅकसारख्या बहुउपयोगी साधनासाठी निदर्शक योग्यच आहे, कारण संदर्भ फक्त वरच्या प्रोग्रॅमला माहीत असतो. पण निदर्शक वाचणारं कोणी नसेल तर आपण २००७ च्या डीकेआयएमपाशी परत येतो: नियम लिहिलेला, पाळणारा नाही. म्हणून माझी विभागणी अशी आहे. किल्ली तयार करताना आणि सही करताना निखालस नकार, तिथे निदर्शकाचं काम नाही. जुनं उघडताना आणि जुन्या सह्या पडताळताना मुभा, पण नोंदीसह. निस्टही १०२४ बिटांच्या जुन्या सह्यांची पडताळणी ‘वारसा वापर’ म्हणून वेगळी ठेवते. २०१३ पर्यंत सही झालेली कागदपत्रं कोणी फेकून देऊ शकत नाही. आणि मधल्या, संदर्भ ठाऊक नसलेल्या कामांसाठी निदर्शक, ज्याची तपासणी लेखापरीक्षेत दरसाल व्हावी.

लांबी म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही नोंदवायला हवं. २००६ ते २००८ दरम्यान डेबियनमध्ये एक ओळ काढली गेल्याने यदृच्छतेचा स्रोत जवळपास आटला आणि किल्ली कितीही लांब असली तरी प्रत्येक प्रकारात ३२,७६८ च शक्यता उरल्या. २०१७ च्या ऑक्टोबरात इन्फिनियनच्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली: तिने बनवलेल्या २०४८ बिटांच्या किल्ल्यांनाही ओळखू येणारी ठेवण होती. एस्टोनियाला साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांची सर्टिफिकेटं थांबवावी लागली. लांबीच्या कसोटीवर त्या सगळ्या किल्ल्या उत्तीर्ण होत्या, शिवाय ती लायब्ररी प्रमाणितही होती.

आणि आता लांबी वाढवत नेण्याचा मार्गच संपत आला आहे. निस्टने नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात म्हटलं, की ११२ बिटांच्या ताकदीची आरएसए आणि वक्र २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर सर्वच आरएसए आणि वक्र बंद. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर १५,३६० बिटही वाचवणार नाहीत. क्वांटम संगणकाला तोंड देण्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या एमएल-केईएमसारख्या पद्धतींमध्ये वापरणाऱ्याला लांबी निवडायची नसते. तीन ठरलेले संच आहेत, त्यातला एक घ्यायचा. मधल्या संचातली सार्वजनिक किल्ली ११८४ बाइटांची आहे. ‘किती बिटांपेक्षा लहान?’ हा प्रश्न सोडून आता ‘कुठल्या नावाची?’ असं तपासणारा कोड लिहावा लागेल, आणि वीस वर्षांत जागोजागी पेरलेले २०४८ चे आकडे शोधून काढावे लागतील.

ओपनएसएसएचने या दिशेचं पहिलं पाऊल टाकलं आहे. १०.० आवृत्तीत एमएल-केईएम मिसळलेली देवाणघेवाण आपोआप निवडली जाते, आणि १०.१ मध्ये जोडणी जुन्या पद्धतीने झाली तर वापरणाऱ्याला इशारा दिसतो. नकार अजून नाही. तो केव्हा येणार याची तारीख प्रकल्पांनी आताच जाहीर करावी. आणि जी सरकारी खाती आणि बँका यंदा दहा वर्षं चालणारी उपकरणं विकत घेत आहेत, त्यांनी ती तारीख खरेदीच्या अटींत लिहावी: उपकरणाचा किमान उंबरठा जागेवर बदलता आला पाहिजे, आणि कोणी सवलत दिली तर ती कोणाला, कधीपर्यंत, हे उपकरणाने स्वतः नोंदवलं पाहिजे.